गोचिडताप की कॅन्सर? कुत्र्या-मांजराचं मोठं दुखणं नीट ओळखून घेताना

आमच्या भुऱ्याच्या नाकातून रक्त आलं त्या रात्री घरात थर्मामीटर शोधला, तो सापडला नाही. भुऱ्या म्हणजे सोसायटीच्या गेटवरून घरात आलेला सात वर्षांचा गावठी कुत्रा. दोन दिवस जेवला नव्हता आणि जबड्याखाली दोन्हीकडे सुपारीएवढ्या गाठी लागत होत्या. दवाखान्यात किटवर दोन रेघा उमटल्या, गोचिडताप ठरला, गोळ्या सुरू झाल्या. रक्त थांबलं, पण गाठी तशाच राहिल्या. मग दुसऱ्या एका दवाखान्यात एक इंजेक्शन मिळालं आणि चार दिवसांत गाठी विरघळल्या. आम्ही शेजारी पेढे दिले. पाच आठवड्यांनी गाठी परत आल्या, या वेळी लिंबाएवढ्या. ते इंजेक्शन स्टेरॉइडचं होतं आणि गाठी लिम्फोमाच्या, म्हणजे लसीका ग्रंथींच्या कॅन्सरच्या होत्या.

पुढच्या वर्षी बरोबर उलटं झालं. चिंगी मांजरीचं पोट फुगलं. "आत कॅन्सर पसरलाय, उगाच हाल करू नका," असं ऐकून आलो. तो कॅन्सर नव्हता, विषाणूचा संसर्ग होता. चिंगी आज ओट्यावरचं दुधाचं पातेलं उघडते.

मी डॉक्टर नाही, औषधं सुचवणार नाही. पण या दोन फेऱ्यांत एक गोष्ट पक्की कळली: मोठे संसर्ग आणि कॅन्सर एकमेकांसारखे दिसतात. ताप, गाठी, वाढलेली प्लीहा, घसरलेलं रक्त, उतरलेलं वजन दोन्हींत असतं. म्हणून औषध सुरू होण्याआधी नमुना घेतला गेला पाहिजे. पुढचं सगळं त्यासाठीच आहे.

१. घरी काय तयार ठेवायचं

सामान थोडं लागतं: फक्त त्यांच्यासाठी ठेवलेला डिजिटल थर्मामीटर, व्हॅसलीन, एक वही, पट्टी किंवा रुपयाचं नाणं, झाकणाची स्वच्छ डबी आणि तोंड बांधायला मुसकं. आजारी कुत्रा घरच्यांनाही चावतो, यात त्याचा दोष नसतो.

ताप गुदद्वारातून मोजायचा. कुत्र्या-मांजराचं नेहमीचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. आपल्या डोक्यात ९८.४ बसलेलं असतं, म्हणून १०२ पाहून अर्धी सोसायटी घाबरते. १०३ च्या वर सतत राहिलं तर मात्र नोंद करा आणि डॉक्टरांना कळवा. "नाक कोरडं म्हणजे ताप" हे विसरून जा.

गाढ झोपेत श्वास मोजा. मिनिटाला ३० पेक्षा कमी हवेत. वरचा ओठ उचलून हिरड्या बघायची सवय लावा. निरोगी असतानाचा गुलाबी रंग ओळखीचा असला की फिकटपणा लगेच कळतो. वजन आठवड्याला एकदा लिहा.

गाठी कुठे चाचपायच्या? जबड्याच्या कोनाखाली, खांद्याच्या पुढे, काखेत, जांघेत आणि मागच्या गुडघ्यांच्या मागे. गुडघ्यामागे निरोगी कुत्र्यालाही लहानशी गोळी लागू शकते. जबड्याखाली लाळग्रंथी असते, तिला गाठ समजून मीही एकदा धावत गेले आहे. गाठ सापडली की शेजारी नाणं ठेवून फोटो काढा, तारीख लिहा. "वाढलीय असं वाटतं" यापेक्षा दोन फोटो जास्त बोलतात.

२. कधी उद्यापर्यंत थांबायचं नाही

– हिरड्या पांढऱ्या किंवा पिवळ्या पडल्या
– लघवी चहा-कॉफीच्या रंगाची झाली
– मांजर तोंड उघडून श्वास घेतंय
– पिल्लाला उलट्या आणि रक्ताचे जुलाब होताहेत
– नसबंदी न झालेली कुत्री माज संपल्यावर महिना-दोन महिन्यांत सारखं पाणी पितेय, सुस्त आहे. गर्भाशयात पू झाला असू शकतो, आणि तो दर वेळी बाहेर दिसतोच असं नाही
– वयस्कर मोठा कुत्रा अचानक कोसळला, पोट ताणलंय. प्लीहेतली गाठ फुटून आत रक्त गेलेलं असू शकतं

एक वेगळी सूचना. जबडा लोंबतोय, लाळ गळतेय, गिळता येत नाही, आवाज बदललाय, असा कुत्रा दिसला की लोक म्हणतात, घशात हाड अडकलं असेल, आणि हात घालतात. हात घालू नका. मुक्या रेबीजची लक्षणं हीच असतात, आणि त्याची पक्की तपासणी मृत्यूनंतर मेंदूच्या नमुन्यावरच होते. लाळ जखमेला किंवा डोळ्याला लागली असेल, तर जखम साबण-पाण्याने, डोळा नुसत्या स्वच्छ पाण्याने पंधरा मिनिटं धुऊन त्याच दिवशी माणसांच्या दवाखान्यात जा.

३. पहिली भेट

सोबत एक फाइल न्या. तिच्यात लसीकरणाचं कार्ड, आधीचे मूळ रिपोर्ट, गोचिडींसाठी शेवटचं औषध कधी लावलं त्याची तारीख, दिलेल्या सगळ्या औषधांची नावं आणि तारखा हव्यात. एक्स-रेचा फोनवर काढलेला फोटो चालत नाही, डिजिटल फाइल मागून घ्या. खोकला किंवा झटका असेल तर व्हिडिओ करा, दवाखान्यात पोचल्यावर तो हमखास थांबतो.

घरचं औषध देऊन गेलात तर लपवू नका. पॅरासिटामॉलची अर्धी गोळीही मांजराच्या जिवावर बेतू शकते. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक कुत्र्यांचं पोट आणि मूत्रपिंड खराब करतात.

आणि हा प्रश्न न लाजता विचारा: "डॉक्टर, या इंजेक्शनमध्ये स्टेरॉइड आहे का?" कॅन्सरची शंका असताना स्टेरॉइड दिलं, तर लिम्फोमाच्या पेशी तात्पुरत्या मरतात, गाठी लहान होतात, मग सुईने घेतलेल्या नमुन्यात काही सापडत नाही आणि पुढे केमोथेरपीचा परिणामही कमी होऊ शकतो. संसर्ग असेल तर तो दबा धरून वाढतो. कधीकधी स्टेरॉइडशिवाय इलाज नसतो, हे खरं. शरीर स्वतःच्याच प्लेटलेट मारत असेल तर ते द्यावंच लागतं. अशा वेळी फक्त एवढंच म्हणा, "आधी रक्त आणि गाठीचा नमुना घेऊन ठेवूया का?" चांगला डॉक्टर रागावत नाही. रागावला, तर त्यातूनही तुम्हाला काहीतरी कळलंच.

४. रक्त: नळ्या, स्लाइड आणि यंत्राचा खोटेपणा

दोन नळ्या लक्षात ठेवा. जांभळ्या झाकणाची सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि पीसीआरसाठी, लाल किंवा पिवळ्या झाकणाची यकृत-मूत्रपिंडाच्या तपासण्यांसाठी. तातडी नसेल तर आठ-दहा तास उपाशी नेलं की बरं, नाहीतर रक्तातली चरबी आकडे बिघडवते. लहान पिल्लांना मात्र उपाशी ठेवू नका.

सीबीसीबरोबर रक्ताची स्लाइड डोळ्यांनी बघून घ्या, असा आग्रह धरा. कुत्र्याच्या प्लेटलेट साधारण दोन ते पाच लाख असतात. यंत्र कधी वीस हजार दाखवतं आणि नळीत त्यांचे पुंजके झालेले असतात. मांजरांत तर हे इतकं नेहमीचं आहे की नुसत्या यंत्राच्या आकड्यावर विश्वास ठेवूच नये. स्लाइडवर आणखीही दिसतं: लाल पेशींत बसलेला बाबेसिया, पांढऱ्या पेशींतले एर्लिकियाचे पुंजके (दोन्ही गोचिडतापाचे जंतू), कधी रक्ताच्या कॅन्सरच्या कच्च्या पेशी. ताप चढलेला असताना कानाच्या टोकाला टोचून काढलेल्या थेंबात बाबेसिया सापडण्याची शक्यता जास्त असते. माझ्या मते सगळ्यात कमी खर्चात सगळ्यात जास्त सांगणारी तपासणी हीच, आणि तीच सगळ्यात जास्त वेळा टाळली जाते.

५. कुत्र्यांचे संसर्ग

"गोचिडताप" हे एका आजाराचं नाव नाही, गोतावळ्याचं नाव आहे. एर्लिकिया, अॅनाप्लाझ्मा, बाबेसिया, हिपॅटोझून. आपल्याकडची तपकिरी गोचीड यांतल्या बऱ्याच जणांना घेऊन फिरते. हिपॅटोझून तर चावल्याने होत नाही, कुत्र्याने गोचीड खाल्ली की होतो. कोणता ते कळायलाच हवं, कारण एर्लिकियावर चालणाऱ्या डॉक्सीसायक्लिनने एकट्याने बाबेसिया जात नाही. "गोळ्या महिनाभर दिल्या तरी रक्त वाढत नाही" म्हणणाऱ्यांपैकी काहींची गोष्ट इथेच अडलेली असते.

दवाखान्यातलं किट प्रतिपिंडं शोधतं, म्हणजे शरीराची त्या जंतूशी कधीतरी गाठ पडली होती एवढंच सांगतं. पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत ते निगेटिव्ह येऊ शकतं, आणि बरं झाल्यावरही कित्येक महिने पॉझिटिव्ह राहतं. गोचिडींच्या मुलखात धडधाकट कुत्र्यांचीही किटं पॉझिटिव्ह येतात. भुऱ्याच्या बाबतीत आम्ही इथे फसलो. किट खरं होतं, पण गाठींचं कारण ते नव्हतं. पीसीआर जंतूचाच अंश शोधतं, मात्र त्याचं रक्त अँटिबायोटिक सुरू होण्याआधी घ्यावं लागतं. पीसीआर निगेटिव्ह आलं म्हणून जंतू नाहीच असंही नाही, तो प्लीहेत लपून राहतो.

गंमत म्हणजे उलटही होतं. जुनाट एर्लिकियात गाठी येतात, रक्तातलं ग्लोब्युलिन हे प्रथिन इतकं वाढतं की अस्थिमज्जेचा कॅन्सर वाटावा. म्हणून ग्लोब्युलिन वाढलं की लगेच कॅन्सर म्हणू नये आणि किट पॉझिटिव्ह आलं म्हणून कॅन्सर नाही असंही म्हणू नये.

लेप्टो पावसाळ्यातला. उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून येतो, यकृत आणि मूत्रपिंडं धरतो. २००५ च्या २६ जुलैच्या पुरानंतर मुंबईत माणसांत लेप्टोची साथ आली होती, तोच हा जंतू, आणि तो कुत्र्याकडून आपल्यालाही होतो. संशय असेल तर लघवी पुसताना हातमोजे घाला. आजाराच्या सुरुवातीला रक्ताचं, नंतर लघवीचं पीसीआर करतात. प्रतिपिंडांची तपासणी दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने दोनदा करावी लागते, आणि लेप्टोची लस कधी दिली ते सांगायला विसरू नका, लसीनेही ती वाढतात.

पार्व्हो म्हणजे पिल्लांना उलट्या आणि रक्ताचे जुलाब करणारा विषाणू. त्याची तपासणी विष्ठेवर होते, दहा मिनिटांत. अगदी सुरुवातीला ती निगेटिव्ह येऊ शकते. लस नुकतीच दिली असेल तर फिकट रेघ उमटू शकते. पांढऱ्या पेशी कोसळल्या असतील तर रेघेची वाट न बघता पिल्लाला वेगळं ठेवा.

६. मांजरांचं गणित वेगळं

घरात नवीन मांजर आणलं की एफआयव्ही आणि एफईएलव्ही या मांजरांच्या दोन विषाणूंचं एकत्र किट करून घ्या. पहिला रोगप्रतिकारशक्ती पोखरतो, दुसरा त्यावर रक्ताचे आजार आणि लिम्फोमाही घडवतो. सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लाला आईकडून प्रतिपिंडं आलेली असू शकतात, म्हणून एफआयव्ही पॉझिटिव्ह आलं तरी पुढे पुन्हा तपासा. एका रेघेवर कुणाला मरण देऊ नका.

आता चिंगीचा आजार, एफआयपी. मांजरांच्या कोरोनाविषाणूचं हे बिघडलेलं रूप आहे. आपल्या कोविडशी संबंध नाही, माणसाला होत नाही. हा विषाणू असंख्य मांजरांच्या आतड्यांत बिनबोभाट असतो, त्यामुळे "कोरोनाची प्रतिपिंडं पॉझिटिव्ह" या रिपोर्टने काहीच ठरत नाही. पोटात पाणी झालं असेल तर ते पाणीच खरं साक्षीदार आहे. सुईने काढलेलं पाणी पिवळसर आणि मधासारखं चिकट असेल, त्यात प्रथिनं जास्त आणि पेशी कमी असतील, तर संशय वाढतो. अल्ब्युमिन आणि ग्लोब्युलिनचं गुणोत्तर बघा. ०.४ च्या खाली असेल तर एफआयपीकडे कल, ०.८ च्या वर असेल तर बहुधा नाही.

चिंगीच्या वेळी डॉक्टरांनी आमच्यासमोर रिव्हाल्टा चाचणी केली. काचेच्या नळीत डिस्टिल्ड वॉटर, त्यात अॅसेटिक अॅसिडचा एक थेंब, मग वरून पोटातल्या पाण्याचा थेंब. तो विरघळला नाही, जेलीसारखा लोंबत राहिला. थेंब विरघळला असता तर एफआयपी जवळपास बाद. लोंबला म्हणजे एफआयपीच असं मात्र नाही, लिम्फोमात आणि पोटातल्या पूमध्येही लोंबतो. म्हणून त्याच पाण्याच्या पेशी बघितल्या आणि पीसीआर केलं. पूर्वी हा आजार म्हणजे मरणच होतं. आता त्यावर विषाणूविरोधी औषध आहे. म्हणून पाणी न तपासता ऐकवलेला निकाल मुकाट स्वीकारू नका.

७. गाठ: आधी सुई, मग तुकडा

गाठीकडे बघून किंवा दाबून ती चांगली की वाईट हे कुणालाच सांगता येत नाही. "चरबीची आहे, सोडून द्या" हे वाक्य सुई न टोचता उच्चारलं गेलं तर पटवून घेऊ नका. मास्ट पेशींची, म्हणजे कातडीतल्या एका कॅन्सरची गाठ चरबीच्या गाठीचं सोंग अगदी सुरेख करते.

पहिली पायरी एफएनएसी. बारीक सुई, काही थेंब, काचेवर पसरलेल्या पेशी. बहुतेकदा भूलही लागत नाही. कुत्र्याला अनेक ठिकाणी गाठी असतील तर नमुना खांद्याजवळून किंवा गुडघ्यामागून घ्यायला सांगा, जबड्याखालच्या ग्रंथी किडक्या दातांमुळेही सुजलेल्या असतात.

रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी एक गाठ ओळखून ठेवा. आमच्या गल्लीतल्या कुत्रीला मागून महिनाभर रक्त येत होतं, सगळे म्हणाले माजावर आहे. तो समागमातून पसरणारा कॅन्सर होता, टीव्हीटी. फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा दिसतो, कधी नाकातही होतो. गाठीवर काच टेकवून घेतलेल्या ठशात पेशी ओळखू येतात, आणि आठवड्याला एक असं व्हिन्क्रिस्टिन हे केमोचं इंजेक्शन दिलं की बहुतेक वेळा पूर्ण बरा होतो. औषधानंतर काही दिवस तिची लघवी-विष्ठा हातमोजे घालूनच साफ करायची.

सुईने ठरलं नाही तर बायोप्सी. तुकडा दहा टक्के फॉर्मेलिनमध्ये, तुकड्याच्या दहापट द्रवात जायला हवा. लहान बाटलीत कोंबलेली मोठी गाठ आतून सडते आणि रिपोर्ट येतो "निदानास अयोग्य". सुईच्या काचा आणि फॉर्मेलिनची बाटली एका पिशवीत पाठवू नका, वाफेने काचेवरच्या पेशी बिघडतात. काढलेली गाठ कचऱ्यात टाकायची नाही, प्रत्येक गाठ तपासणीला जाते. आचळातल्या गाठी कुत्रीत निम्म्याच्या आसपास वाईट निघतात, मांजरीत बहुतेक सगळ्या. तिथे "बघू पुढच्या महिन्यात" नको.

८. रिपोर्ट वाचताना

चार गोष्टी शोधा: गाठीचं नाव, तिचा दर्जा (ती किती आक्रमक आहे), कडा मोकळ्या आहेत की पेशी कडेपर्यंत पोचल्यात, आणि पुढे कोणती तपासणी सुचवली आहे. लिम्फोमा असेल तर तो बी प्रकारच्या पांढऱ्या पेशींचा की टी प्रकारच्या हे विचारा, साधारणपणे बी उपचारांना बरी साथ देतो. त्यासाठी पीएआरआर नावाची एक जनुकीय तपासणी असते, पण एर्लिकियाची लागण असेल तर तीही फसू शकते, हे डॉक्टरांना आठवण करून द्या.

मग आजार कुठवर गेलाय ते बघायचं. छातीचे तीन एक्स-रे: डावी कूस, उजवी कूस, सरळ. एकाच बाजूच्या फोटोत फुप्फुसातली गाठ लपते. पोटाची सोनोग्राफी, त्यासाठी केस काढतात, वाईट वाटून घेऊ नका. "सोनोग्राफीत कॅन्सर दिसला" असं कुणी म्हणालं तर सावध व्हा. सोनोग्राफीत आकार दिसतो, पेशी दिसत नाहीत. प्लीहेतली गाठ साधा रक्ताचा गोळाही असू शकते.

पैसे आणि दिवस किती लागतील हे याच वेळी स्पष्ट विचारा. भुऱ्याच्या वेळी आम्हाला सांगितलं गेलं ते असं: काहीच न करता एक-दोन महिने, नुसत्या स्टेरॉइडवरही जवळपास तेवढेच, अनेक औषधांची केमोथेरपी घेतली तर सरासरी वर्षभर. कुत्र्यांत केमो माणसांपेक्षा सौम्य असते, केस बहुतेकांचे जात नाहीत. उपचार न करण्याचा निर्णयही नाव कळल्यावर घेतला तर रात्री झोप लागते.

९. कुठे जायचं

आधी जवळचा डॉक्टर, कारण नमुना तिथेही नीट घेता येतो आणि कुरियरने जातो. दुसरं मत किंवा कमी खर्च हवा असेल तर पशुवैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं बघा: परळचं मुंबईतलं महाविद्यालय १८८६ पासून आहे, शिवाय शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर. गर्दी असते, सकाळी लवकर जा, डबा न्या. मुंबईत महालक्ष्मीला २०२४ पासून टाटा ट्रस्टचं लहान प्राण्यांचं रुग्णालय आहे. जाताना आधीच्या दवाखान्याकडून पेशींच्या काचा मागून घ्या. बायोप्सी झाली असेल तर मेणात बसवलेला तुकडा प्रयोगशाळेकडे असतो, तो टाकू नका म्हणून लेखी कळवा. दुसऱ्या मतासाठी पुन्हा कापावं लागत नाही.

१०. उपचार सुरू झाल्यावर

गोचिडतापात सुधारणा किटवर मोजू नका, रेघ राहणारच. प्लेटलेट आणि रक्त मोजा, आणि चार दिवसांत कुत्रा उड्या मारायला लागला तरी अँटिबायोटिक सांगितलेल्या दिवसांपर्यंत द्या, एर्लिकियात ते बहुधा २८ असतात. मांजराला डॉक्सीसायक्लिनची कोरडी गोळी कधीही देऊ नका, अन्ननलिकेत अडकून भाजते. मागून थोडं पाणी किंवा खाणं हवंच.

गाठींची मापं त्याच नाण्याशेजारी, त्याच वहीत. चिंगीचं वजन अजून दर रविवारी होतं. ती काट्यावर उभी राहत नाही, म्हणून तिला कडेवर घेऊन मीच उभी राहते आणि मग माझं वजा करते.